दोन सेकंदांची आखणी : रॉजर बॅनिस्टर आणि चार मिनिटांचा मैल

ध्येय गाठण्यावरच्या व्याख्यानांत एक गोष्ट हमखास येते. चार मिनिटांत एक मैल धावणं मानवी शरीराला अशक्य आहे, असं म्हणे सगळे तज्ज्ञ सांगत होते. मग ६ मे १९५४ रोजी रॉजर बॅनिस्टर नावाच्या इंग्रज तरुणाने ते करून दाखवलं, लोकांच्या मनातली भिंत कोसळली आणि वर्षभरात डझनावारी धावपटू चार मिनिटांच्या आत धावू लागले. टाळ्या. तात्पर्य, स्वतःवर विश्वास ठेवा.

गोष्ट ऐकायला छान आहे, पण हिशेब जुळत नाही. बॅनिस्टरनंतर ४६ दिवसांनी ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी चार मिनिटांच्या आत आला. १९५४ या सालात या दोघांखेरीज तिसरा कोणी नाही. पुढची तीन नावं थेट २८ मे १९५५ची, लंडनमधल्या एकाच शर्यतीतली : हंगेरीचा लास्लो ताबोरी आणि त्याच्या पाठोपाठ ख्रिस चॅटअवे व ब्रायन ह्यूसन. म्हणजे वर्ष उलटून गेल्यावरही जगभरात एकूण पाच माणसं. यांतल्या चॅटअवेचं नाव लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

भिंतीची गोष्ट बाजूला ठेवली की उरतं ते जास्त कामाचं आहे. पूर्णवेळ शिक्षण चालू असलेला एक विद्यार्थी, हातात दिवसाला अर्धा-पाऊण तास, नुकतंच आलेलं मोठं अपयश आणि पुढे एक ठरलेली अंतिम तारीख. यातून त्याने काय आखलं, कुठे चुकला, काय बदललं, हे इथे बारकाईने पाहता येतं, कारण जवळजवळ प्रत्येक टप्प्याचे आकडे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उपलब्ध आहेत. आयुष्यातल्या बहुतेक ध्येयांना हे भाग्य नसतं.

प्रश्न नेमका केवढा होता

मैल म्हणजे १७६० यार्ड, सुमारे १६०९ मीटर. ४४० यार्डांच्या ट्रॅकवर बरोबर चार फेऱ्या. चार फेऱ्या, चार मिनिटं, फेरीला साठ सेकंद. या वेळेला एवढं वलय आलं ते मुख्यतः आकड्यांच्या या योगायोगामुळे. १५०० मीटरच्या शर्यतीत असं काही गोल जुळत नाही, म्हणून तिथे कोणाला भिंतही दिसली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तटस्थ स्वीडनमध्ये शर्यती चालू राहिल्या. तिथल्या गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन या दोघांनी १९४२ ते १९४५ या काळात जागतिक विक्रम आलटून पालटून खाली आणत नेला. आधीचा विक्रम ४ मिनिटं ६.४ सेकंदांचा होता, १७ जुलै १९४५ रोजी हेगने तो ४:०१.४ वर आणून ठेवला. पुढे हौशी खेळाडूंचे नियम मोडून पैसे घेतल्याबद्दल दोघांवरही बंदी आली आणि तो आकडा नऊ वर्षं जागचा हलला नाही.

आता हा १.४ सेकंदांचा फरक अंतरात मोजून पाहू. या वेगाने धावणारा माणूस सेकंदाला साधारण पावणेसात मीटर जातो. म्हणजे चार मिनिटांचा ठोका पडला तेव्हा हेग शेवटच्या रेषेपासून नऊ-साडेनऊ मीटर मागे होता. एखाद्या मोठ्या खोलीच्या लांबीइतका. ज्याला हे अंतर डोळ्यांसमोर आणता येतं, त्याला 'अशक्य' हा शब्द सुचणार नाही. 'अजून नऊ मीटर कुठून काढायचे' हा प्रश्न सुचेल. बॅनिस्टरला तो तसाच सुचला, आणि मला वाटतं या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

हेलसिंकीपर्यंत

बॅनिस्टरचा जन्म १९२९चा, लंडनजवळच्या हॅरोचा. १९४६ मध्ये सतराव्या वर्षी तो वैद्यकीय शिक्षणासाठी ऑक्सफर्डला आला, तेव्हा त्याने खिळ्यांचे बूट कधी पायात घातले नव्हते. पुढच्या वर्षी त्याची मैलाची वेळ होती ४:२४.६. प्रगती भराभर दिसू लागली तशी १९४८च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्याच्या नावाचा विचार होऊ लागला, पण त्याने नकार दिला. अजून तयारी नाही, लक्ष्य १९५२चं, असं त्याचं म्हणणं. एकोणिसाव्या वर्षी, घरच्या मैदानावरचं ऑलिंपिक समोर असताना असा नकार देणं सोपं नव्हतं.

याच काळातली एक बाजूची गोष्ट सांगायलाच हवी. विद्यापीठाच्या धावपटूंच्या क्लबचा तो अध्यक्ष झाला, आणि आयफली रोडवरचा जुना, खडबडीत, पाव मैलाच्या मापात न बसणारा ट्रॅक काढून तिथे नीट ४४० यार्डांचा सहा पट्ट्यांचा ट्रॅक करवून घेण्यात पुढाकार घेतला. चार-पाच वर्षांनी विक्रम झाला तो याच ट्रॅकवर. त्या वेळी त्याच्या डोक्यात विक्रम होता असं मी म्हणणार नाही; नंतरच्या यशाचे धागे मागच्या प्रत्येक कृतीला जोडण्याचा मोह आवरायला हवा. पण आपण ज्या जमिनीवर धावतो ती जमीन सुधारण्यात घातलेला वेळ वाया गेला नाही, एवढं खरं.

१९५१ मध्ये त्याची वेळ ४:०७.८ वर आली होती आणि शिक्षणाचा पुढचा टप्पा लंडनमधल्या सेंट मेरीज रुग्णालयात सुरू झाला होता. हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या १५०० मीटरसाठी त्याची योजना काटकसरीची होती : वर्षभर मोजक्याच शर्यती धावायच्या, ताकद राखायची आणि अंतिम फेरीत सगळी ओतायची. प्रशिक्षक नाही, स्वतःचं स्वतःच ठरवायचं. प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी एवढ्याच हिशेबावर ती सगळी तयारी उभी होती.

स्पर्धेला थोडे दिवस उरले असताना आयोजकांनी मध्ये उपांत्य फेरी घातली. तीन दिवसांत तीन शर्यती. रोज जास्त मैल धावून शरीर कणखर केलेल्यांना याचं फारसं काही वाटलं नाही, पण बॅनिस्टरची योजना तिथेच फुटली. अंतिम फेरीत तो चौथा आला. वेळ ३:४६.०, म्हणजे ब्रिटनचा नवा विक्रम, आणि पदक नाही. लक्झेंबर्गच्या जोसी बार्थेलने सुवर्ण घेतलं. दोघांमध्ये एक सेकंदाचंही अंतर नव्हतं. मायदेशी वर्तमानपत्रांनी झोडपलं : कमी सराव, प्रशिक्षक नको म्हणण्याचा हट्ट, शर्यती टाळण्याची सवय.

वर्तमानपत्रांची भाषा क्रूर असेल, पण एक दोष त्यांनी अचूक दाखवला. योजनेत सैलपणा अजिबात नव्हता. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरच यश, एक गोष्ट बदलली की सगळं गेलं. हुशार माणसांच्या योजना अनेकदा अशाच असतात, कागदावर फार देखण्या.

ध्येयच बदललं

सुवर्ण मिळालं असतं तर मी तेव्हाच धावणं सोडलं असतं, असं बॅनिस्टरने पुढे अनेकदा सांगितलं. मिळालं नाही म्हणून सोडावं की नाही, यावर त्याने पुष्कळ विचार केला. रुग्णालयातलं काम वाढत होतं. १९५४च्या उन्हाळ्यात तो डॉक्टर होणार, त्यानंतर रोजच्या सरावाला वेळ मिळणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पुढचं ऑलिंपिक १९५६ मध्ये, म्हणजे त्या तारखेच्या पलीकडे.

मग त्याने ठरवलं, मैल, चार मिनिटांच्या आत, डॉक्टर होण्यापूर्वी.

वरवर पाहता हे आधीच्यापेक्षा मोठं ध्येय. खरं तर हे जास्त आटोक्यातलं होतं. ऑलिंपिकचं सुवर्ण चार वर्षांतून एका दुपारी मिळतं. ते इतर अकरा जण कसे धावतात यावर, आयोजकांच्या वेळापत्रकावर आणि त्या दिवशीच्या सर्दी-पडशावर अवलंबून. चार मिनिटांचा मैल घड्याळाविरुद्ध असतो. घड्याळ शेवटच्या फेरीत अचानक वेग वाढवत नाही. दिवस आपण निवडू शकतो, जागा निवडू शकतो, एक प्रयत्न फसला तर पंधरा दिवसांनी दुसरा करू शकतो. हेलसिंकीला नसलेला सैलपणा या ध्येयाच्या घडणीतच होता.

शिवाय याचे तुकडे पडत होते. साठ, साठ, साठ, साठ. वेग कमी-जास्त करत धावलं की तेच अंतर कापायला शरीराला जास्त प्राणवायू लागतो. समान वेग सगळ्यात स्वस्त पडतो. हे त्याला ऐकीव माहीत नव्हतं. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत यांत्रिक पट्ट्यावर माणसांना दमेपर्यंत धावायला लावून, साध्या हवेऐवजी जास्त प्राणवायू असलेली हवा दिल्यावर श्वसन आणि क्षमता कशी बदलते, याचा त्याने अभ्यास केला होता. त्या पट्ट्यावर तो स्वतःही धावला होता. त्याचं शिक्षण आणि त्याचं वेड इथे एकमेकांना मदत करत होते. ध्येय आणि करिअर ही दोन भांडणारी गाढवं असतात आणि एकाला उपाशी ठेवावंच लागतं, हा समज या प्रकरणात तरी टिकत नाही.

मॉट्सपर पार्कचा नकार

२ मे १९५३ रोजी, चॅटअवेच्या सोबतीने, बॅनिस्टरने आयफली रोडवर ४:०३.६ अशी वेळ दिली. नवा ब्रिटिश विक्रम. अजून साडेतीन सेकंद.

तिकडे डिसेंबर १९५२ मध्येच लँडीने मेलबर्नला ४:०२.१ गाठलं होतं आणि अमेरिकेत वेस सँटी हा धावपटूही त्याच ध्येयाच्या मागे लागला होता. आता घाई होऊ लागली. २७ जून १९५३ रोजी लंडनजवळच्या मॉट्सपर पार्क इथे शालेय मुलांच्या स्पर्धांच्या मध्येच एक मैलाची शर्यत घुसवण्यात आली. धावणारे तिघे. ऑस्ट्रेलियाचा डॉन मॅकमिलन सुरुवातीला पुढे राहून वेग देणार, आणि बॅनिस्टरचा मित्र ख्रिस ब्रॅशर मुद्दाम रेंगाळत धावणार. इतकं रेंगाळत, की बॅनिस्टरच्या शेवटच्या फेरीच्या वेळी तो पूर्ण एक फेरी मागे पण ताजातवाना असेल आणि मग पुढे होऊन ओरडत त्याला खेचत नेईल. झालंही तसंच. वेळ, ४:०२.०.

ब्रिटिश अॅथलेटिक्स संघटनेने हा विक्रम मान्य करायला नकार दिला. ही खरीखुरी शर्यत नव्हती, असं कारण. बॅनिस्टरचे चाहते यावर अजून चिडतात. मला मात्र संघटनेचं म्हणणं पटतं. एक माणूस जिंकण्याच्या इराद्याने नव्हे, तर फेरीभर मागे राहण्याच्या इराद्याने धावत असेल तर त्याला स्पर्धक म्हणायचं कसं? आणि गंमत म्हणजे चार मिनिटांच्या आत वेळ आली असती तरी ती बहुधा अशीच अडकली असती. म्हणजे त्या दिवशी दोन सेकंद कमी पडले, हे एका परीने बरंच झालं.

या नकाराने योजनेची अट स्पष्ट झाली. शर्यत खरी हवी, आधीपासून ठरलेल्या सामन्यातली. वेग देणारे सोबती खरे स्पर्धक हवेत, सुरुवातीपासून बरोबर धावणारे. म्हणजे पहिल्या तीन फेऱ्या बॅनिस्टरच्या बरोबरीने साठच्या वेगात धावू शकतील असे दोन तगडे धावपटू लागणार. असे लोक भाड्याने मिळत नाहीत. मित्र म्हणून मिळाले तर मिळतात.

जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास

ब्रॅशर आणि चॅटअवे दोघेही नोकरी करणारे. ब्रॅशर ऑस्ट्रियन प्रशिक्षक फ्रांझ स्टॅम्फ्ल याच्याकडे सराव करायचा; त्याच्यामुळे चॅटअवे आला आणि शेवटी, उशिरा, बॅनिस्टरही. हेलसिंकीपर्यंत ज्याने कोणाचं ऐकलं नव्हतं तो माणूस आता शुक्रवारी संध्याकाळी चेल्सीतल्या एका लष्करी आवारात जाऊन दुसऱ्याच्या देखरेखीखाली धावू लागला. बाकीच्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रुग्णालयातून निघायचं, पॅडिंग्टनच्या मैदानावर सराव करायचा आणि परत वॉर्डात.

डिसेंबर १९५३ पासूनचा आराखडा असा : ४४० यार्ड दहा वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती. सुरुवातीला प्रत्येक फेरी ६६ सेकंदांत. मग विश्रांती तेवढीच ठेवून फेरीची वेळ हळूहळू कमी करायची. दहाच्या दहा फेऱ्या ६० मध्ये यायला हव्यात. रोज पाहता येईल असं मोजमाप, आणि त्यातही बदलणारी गोष्ट एकच. अंतर, संख्या, विश्रांती सगळं कायम, फक्त वेळ खाली. चार गोष्टी एकाच वेळी बदलणाऱ्याला सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळत नाही. हा प्रयोगशाळेतला माणूस ती चूक करणार नव्हता.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, आकडा खाली येत राहिला. एप्रिलमध्ये ६१ वर येऊन थांबला, आणि काही केल्या हलेना.

इथे आपण सगळे काय करतो? जोर वाढवतो. एक दिवस जास्त, दोन फेऱ्या जास्त. चिकाटी म्हणजे तेच, असं शाळेपासून ऐकलेलं असतं. बॅनिस्टर आणि ब्रॅशर रात्रभर गाडी हाकत स्कॉटलंडला गेले आणि डोंगर चढत बसले. थंडी, पाऊस, खडक. पाय मुरगळला असता तर सगळा हंगाम संपला असता, आणि हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्याही लक्षात आलं तसे ते घाबरून परतले. मग आणखी थोडी विश्रांती. त्यानंतर ट्रॅकवर उतरल्यावर दहा फेऱ्यांची वेळ आली प्रत्येकी ५९ सेकंद.

या घटनेवरून 'विश्रांती घ्या' असा सोपा सल्ला काढता येईल, पण तो अर्धवट आहे. आधी चार महिने शरीरावर काम केलेलं होतं. थकव्याखाली दबलेली सुधारणा विश्रांतीने वर आली. ज्याने काही साठवलेलंच नाही त्याला डोंगरावर फक्त सहल घडेल. आणि या सहलीचं श्रेय आखणीला देणंही खोटं ठरेल. कंटाळून आणि हताश होऊन केलेला तो बेत होता, थोडा वेडगळसुद्धा. नशीब चांगलं म्हणून घोटे शाबूत राहिले. मात्र त्यातून शिकल्याचं पुढे दिसतं. एप्रिलच्या अखेरीस बॅनिस्टरने पाऊण मैल एकट्याने, वाऱ्यात, २:५९.९ मध्ये धावून पाहिला, आणि शर्यतीआधीचे पाच दिवस धावणं पूर्ण बंद ठेवलं. या वेळी विश्रांती ठरवून घेतली होती.

६ मे

लँडी त्या उन्हाळ्यात फिनलंडला जाऊन चांगल्या ट्रॅकवर प्रयत्न करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विद्यापीठ विरुद्ध राष्ट्रीय हौशी संघटना हा आयफली रोडवरचा नेहमीचा सामना ६ मे रोजी होता. हंगामातली पहिली चांगली संधी. बॅनिस्टर, ब्रॅशर आणि चॅटअवे तिघेही संघटनेच्या संघातून रीतसर उतरणार. मॉट्सपर पार्कची चूक इथे दुरुस्त झाली होती.

सकाळी बॅनिस्टर नेहमीप्रमाणे रुग्णालयात होता. तिथल्याच प्रयोगशाळेतल्या सहाणेवर त्याने बुटांचे खिळे घासून धारदार केले आणि राखेच्या ट्रॅकवरचा चिखल चिकटू नये म्हणून त्यांना ग्राफाइट चोळलं. मग पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डची आगगाडी. डब्यात स्टॅम्फ्ल भेटला. बाहेर वारा सुटलेला. जोराच्या वाऱ्याने फेरीमागे एखादा सेकंद सहज जातो, म्हणजे सगळा हिशेब कोलमडतो. आज प्रयत्न करावा की पुढे ढकलावा? स्टॅम्फ्लचं म्हणणं होतं की तुझी ताकद ३:५६ची आहे, वाऱ्याने खाल्लं तरी पुरेल. आणि ही संधी सोडलीस, नंतर पाय दुखावला किंवा दुसऱ्याने बाजी मारली, तर स्वतःला माफ करू शकणार नाहीस.

एवढी मोजून-मापून आखलेली मोहीम शेवटी अशा जागी येते जिथे आकडा उत्तर देत नाही. संध्याकाळी सहाची शर्यत, आणि शर्यतीला अगदी थोडा वेळ उरेपर्यंत बॅनिस्टरचं ठरत नव्हतं. शेजारच्या चर्चवरचा झेंडा ताठ फडफडत होता. मग तो थोडा खाली पडला. त्याने मित्रांना होकार दिला.

पुढचं सगळं चित्रफितीत पाहायला मिळतं. ब्रॅशरची सुरुवात चुकली, सगळे परत रेषेवर. पुन्हा पिस्तूल. ब्रॅशर पुढे, मागे बॅनिस्टर, मागे चॅटअवे. पाच दिवसांच्या विश्रांतीने बॅनिस्टरला पाय इतके हलके वाटत होते की वेग कमी आहे असं समजून तो ब्रॅशरवर ओरडला, जोरात पळ! ब्रॅशरने लक्ष दिलं नाही, किंवा देऊ शकला नाही. तो आपल्या वेगाने जात राहिला. पहिली फेरी ५७.५ सेकंदांत झाली होती, म्हणजे ठरल्यापेक्षा अडीच सेकंद आधीच. त्या क्षणी ब्रॅशरने ऐकलं असतं तर तिसऱ्या फेरीत सगळे कोसळले असते. मैल अर्धा झाला १:५८.२ मध्ये. ब्रॅशर दमला, चॅटअवेने पुढे होऊन सूत्रं घेतली. तिसरी फेरी नेहमीच वैरीण असते, ती ६२.३ सेकंदांची झाली. पाऊण मैल ३:००.५. आता शेवटच्या फेरीला ५९.४ सेकंद हवेत. शेवटच्या सरळ पट्टीच्या बऱ्याच आधी बॅनिस्टर चॅटअवेला ओलांडून सुटला आणि रेषेवर अक्षरशः कोसळला.

निकाल सांगायला नॉरिस मॅकव्हर्टर उभा होता. त्याने मुद्दाम लांबण लावत स्पर्धेचं नाव, मैदानाचा विक्रम, देशाचा विक्रम, जगाचा विक्रम असं सगळं सांगितलं आणि शेवटी 'तीन मिनिटं' एवढं म्हटल्यावर पुढचे सेकंद कोणाला ऐकूच आले नाहीत. ते होते ५९.४.

फेऱ्या पुन्हा पाहा : ५७.५, ६०.७, ६२.३, ५८.९. साठचं आखीव चौकोनी स्वप्न एकाही फेरीत पाळलं गेलं नाही. दोन फेऱ्या लवकर, दोन उशिरा. पण साठ हा आकडा मनात पक्का होता म्हणून प्रत्येक वेळी किती घसरलो, किती उरलं, हे कळत गेलं. योजना इथे रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांसारखी वापरली गेली. दगडावर पाय देऊन कोणी चालत नाही.

भिंतीपाशी सोबत कोण होतं

आता सुरुवातीच्या भिंतीकडे परत येतो. लँडी बॅनिस्टरच्या आधी वर्ष-दीड वर्ष पुन्हा पुन्हा ४:०२च्या आसपास येऊन थांबत होता. त्याचा सराव बॅनिस्टरपेक्षा कितीतरी जास्त. मात्र ऑस्ट्रेलियात त्याच्या जवळपास पोचणारा कोणी नव्हता. तो पहिल्या फेरीपासून एकटा पुढे धावायचा. २१ जून १९५४ रोजी फिनलंडच्या तुर्कू इथे त्याने ३:५८.० अशी वेळ दिली, तेव्हा तिसऱ्या फेरीपर्यंत त्याच्या पाठीशी चिकटून एक जण धावत होता. ख्रिस चॅटअवे. आणि मे १९५५ मध्ये तिघे एकदम चार मिनिटांच्या आत आले, त्या शर्यतीतही चॅटअवे होता, या वेळी स्वतःसाठी.

मनाची भिंत पडली म्हणून लँडी धावला की पाठीवर कोणाचा तरी श्वास जाणवला म्हणून, याचा निकाल लावता येणार नाही. मनाचा वाटा शून्य असेल असंही मी म्हणत नाही. पण पहिली पाच माणसं तीन शर्यतींत आली आणि तिन्ही शर्यतींत तोच एक माणूस ट्रॅकवर होता, ही नोंद व्याख्यानांत कधी ऐकू येत नाही. सँटीला अशी सोबत मिळाली नाही आणि तो आयुष्यात कधीच चार मिनिटांच्या आत आला नाही. ४:००.५ पर्यंत आला. अर्धा सेकंद.

ज्यांना या प्रकरणातून स्वतःसाठी काही उचलायचं आहे त्यांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. बॅनिस्टरकडे निसर्गाने दिलेली असामान्य छाती आणि पाय होते, ऑक्सफर्डची प्रयोगशाळा होती, आपली संध्याकाळ दुसऱ्याच्या विक्रमासाठी खर्च करणारे दोन मित्र होते. दिवसाला अर्धा तास दिला की जागतिक विक्रम होतो, असा अर्थ कोणी काढू नये. तेव्हाच्या हौशी खेळातही तो अपवादच होता, आणि आज तर मैलाचा धावपटू तेवढ्या वेळात सरावाआधीची अंगमोकळीही पुरी करत नाही.

ठरलेली तारीख

विक्रम जेमतेम दीड महिना टिकला. बॅनिस्टरने तो परत मिळवायचा प्रयत्न केला नाही. ७ ऑगस्टला व्हँकूवरमध्ये दोघे समोरासमोर आले. लँडीने नेहमीसारखी आघाडी घेतली, शेवटच्या वळणावर बॅनिस्टर कुठे आहे हे पाहायला डावीकडे मान वळवली आणि त्याच क्षणी बॅनिस्टर उजवीकडून पुढे निघून गेला. ३:५८.८ आणि ३:५९.६. त्याच महिन्याच्या अखेरीस बर्नला युरोपियन स्पर्धेत १५०० मीटरचं सुवर्ण. वय पंचवीस, शरीर ऐन भरात, मेलबर्नचं ऑलिंपिक दोन वर्षांवर.

आणि तो थांबला. दोन वर्षांपूर्वी ठरवलेली तारीख आली होती.

इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हवं. डॉ. बॅनिस्टर मेंदू आणि मज्जासंस्थेचे तज्ज्ञ झाले; रक्तदाब, हृदयाची गती, घाम अशा आपल्या नकळत चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचे विकार हा त्यांचा विषय. १९७५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. २०११ मध्ये त्यांना स्वतःलाच पार्किन्सनचं निदान झालं, आणि ३ मार्च २०१८ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते गेले. मुलाखत घेणारे त्यांना दर वेळी त्या चार मिनिटांबद्दल विचारत आणि ते दर वेळी सांगत की आपल्याला जास्त मोल वाटतं ते वैद्यकातल्या कामाचं.

बर्ननंतर ते स्पर्धेत पुन्हा उतरले नाहीत. जेवणाच्या सुट्टीतला तो अर्धा तास रुग्णालयाला परत मिळाला.